माझीच दृष्ट

नात शाळेतून आली की आधी स्वयंपाकघरात यायची. हात न धुता थालीपीठ उचलायची. मी ओरडायचे, ती हसायची. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये सांगायचं; आमचं चालायचं. इथे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमला लेकाकडे येऊन मला चार वर्षं झाली, पण बाहेरच्या कोणाशी बोलायला माझी जीभच उचलत नाही. म्हणून तो अर्धा तास माझा होता.

मग वरच्या मजल्यावर कॅनडाचा एक खेळाडू राहायला आला. लांबट चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं करायचं, असा त्यांचा फुटबॉल. तिकडे तो सात वर्षं पगारावर खेळला. दोनदा संघाने काढलं, दोनदा परत घेतलं. मधल्या दिवसांत त्याने लोकांची घरं रंगवली. तिसऱ्यांदा कोणी बोलावलं नाही, तेव्हा इथल्या क्लबात आला. हे सगळं नात जेवताना बापाला सांगायची.

"पपा, चेंडू पुढे न्यायला कॅनडात तीनच संधी मिळतात. इथे चार!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आता भाजी संपव," लेक म्हणायचा.

मी वाढत राहायचे. माझ्याबद्दल तिने कधी एवढं विचारलं नव्हतं. आता थालीपीठ झाकून ठेवावं लागे. खाली हिरवळीवर तो चेंडू फेकायचा, ही झेलायची, आणि मी खिडकीतून बघायचे.

एका शनिवारी सगळ्यांबरोबर मीही सामन्याला गेले. नात कठड्याला चिकटून त्याच्या नावाने ओरडत होती. माझ्या मनात आलं, पडू दे मेल्याला एकदा. देवाशप्पथ, एवढंच. लगेच दोघे जण त्याच्यावर कोसळले. गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, खेळणं संपलं.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. मंगळवारी तिन्हीसांजेला मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि नातीला म्हटलं, "चल वर. एकटीला लाज वाटते मला."

तो पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. नातीने काय सांगितलं कोण जाणे. तो हसला आणि शहाण्यासारखी मान वाकवली. मी मूठ ओवाळत पुटपुटले, "आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्याची..." 'घरच्याची' काही तोंडातून निघेना.

खाली येऊन सगळं तव्यावर टाकलं. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट जबर होती, हे नातीलाही ठाऊक. तिच्या प्रत्येक तापात मी हेच केलंय. पण धुराची घंटा वाजेल म्हणून तिने आधीच खिडकी उघडली, शेगडीवरचा पंखा लावला. ठसका कुठून येणार?

"आजी, होती दृष्ट!" ती चक्क मराठीत म्हणाली. "कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "तू सारखी त्याच्याकडे असतेस ना."

"आख, आजी! तो नाही रागावणार. सांगून येते." आणि पळाली वर.

पूर्वी तो सरावाला जायचा, तेवढा वेळ तरी ती घरात असायची. आता तो दिवसभर घरीच. त्याला एकट्याला कंटाळा येतो म्हणे, म्हणून शाळा सुटली की ती सरळ वर जाते. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं नाही. पण वरून तिचं हसणं ऐकू आलं की मनात तेच यायला लागतं, आणि पुन्हा काही व्हायला नको म्हणून मी छताकडे बघतसुद्धा नाही.