फोटोत नसलेला पाइप

आर्डिथ व्हॅनडर्वीनने आपलं घर स्वतः वाचवलं, आणि तेच तिच्या अंगाशी आलं.

मिशिगन सरोवराकाठच्या त्या गावात सगळ्यांची घरं उतरत्या छपराची. छप्पन्न साली आर्डिथ आणि गेरिटने मात्र सपाट छपराचं, काचेच्या भिंतींचं घर बांधून घेतलं. बैठकीची खोली तर तीन पायऱ्या खाली, खड्ड्यात. शेजारची विल्मा पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, राहायला आलात की पेट्रोल पंप टाकलात?"

आर्डिथ शाळेत शिवण शिकवायची. गेरिट हिवाळाभर छपरावर चढून बर्फ उपसायचा. मूलबाळ झालं नाही; लाड झाले ते घराचेच. पुढे गेरिटचा गुडघा गेला, तेव्हा त्याने पायऱ्यांच्या डाव्या बाजूला नळाचा पाइप ठोकून कठडा केला. दिसायला बेंगरूळ, पण पक्का. गेरिट गेल्यावरही ती त्याच पाइपाला धरून चढउतार करायची. हात पडून पडून त्याचा रंग उडाला होता.

मग गावात जुनं घर विकत घ्यायचं, पाडायचं आणि तिथे राजवाडा उठवायचा अशी टूम निघाली. विल्मा वृद्धाश्रमात गेली आणि तिचं घर एका सकाळीत भुईसपाट झालं. आता आपली पाळी, हे आर्डिथने ओळखलं. तिने आपलं घर जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं. तिची अट, मरेपर्यंत मी इथेच राहणार. संस्थेची अट, घर सत्तावन्न सालच्या फोटोत आहे तसं करणार. आर्डिथने आनंदाने मान हलवली. त्या फोटोत ती स्वतःच होती, मधल्या पायरीवर, दोन्ही हातांत सरबताचा ट्रे घेऊन.

संस्थेचा डग्लस बोलायला साखर. आधी पडदे गेले, मग गालिचा, मग तिची उंच पाठीची खुर्ची. दर वेळी तो फोटो पुढे करायचा. "बाई, हे यात नाहीये ना!"

विल्मा फोनवर म्हणाली, "फोटोतली बाई तिशीचीही नाही गं. बघ हं, एक दिवस तुलाच उचलून बाहेर ठेवतील."

आर्डिथ हसली, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ पाइपाला धरून उभी राहिली.

शेवटी डग्लस पाइपाशी आला. "हा राहू दे रे," ती म्हणाली. "मी पडेन."

"आम्ही आहोत ना, बाई!"

हे 'आम्ही' संध्याकाळी आपापल्या घरी जायचे, मग रात्री कोण, हे त्याला कोणी विचारलं नाही. पाइप निघाला. भोकं इतकी सफाईने बुजवली की तिलाही जागा सापडेना. त्या दिवसापासून ती भिंतीला तळवे टेकत, बसत बसत उतरू लागली. कोणी पाहत नसेल तेव्हाच.

घर तयार झालं. डग्लस फोटोग्राफर घेऊन आला, चार प्रतिष्ठित मंडळीही आली. जुना फोटो स्टँडवर लावला होता. सगळ्यांना तस्साच नवा हवा होता. आर्डिथच्या हातांत भरलेला ट्रे दिला.

"मधल्या पायरीवर या, बाई. खाली बघू नका, इकडे बघा. हसा!"

ती हसली, पाऊल उचललं, आणि तिचा डावा हात ट्रे सोडून सवयीने पाइपाकडे गेला.