कागद उजवीकडून लागतो

आकाराम खोताला कुणी फुकट चहा पाजला, तर तो आधी पाजणाऱ्याचं तोंड बघायचा आणि मग कप उचलायचा. त्यामुळं १९९६ च्या श्रावणात शिवप्रसाद आण्णांनी शाहूपुरीतल्या आपल्या छापखान्यात पेढे वाटले, तेव्हा सगळ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि आकारामनं खिशात.

"कशाचं हे, आण्णा?"

"मोठ्या मशिनीला फीडर बसवतोय. कागद आपोआप लागणार. तुझं कष्ट वाचलं की!"

"माझं कष्ट, का तुमचा एक माणूस?"

आण्णा हसले. उत्तर न देता हसणाऱ्या मालकाला आकाराम पक्का ओळखून होता.

बावीस वर्षं तो त्या मशिनीच्या फळीवर उभा होता. खाली खिळ्यांचा, म्हणजे जुळवलेल्या शिशाच्या अक्षरांचा, फर्मा पाटासकट पुढं-मागं धडधडायचा, वर सिलिंडर फिरायचा, आणि दर फेरीला आकाराम एक कागद सोडायचा, पुढची कड पट्टीला आणि बाजूची कड खुंटीला टेकवून. एकरंगी काम कुणीही करतं. तीन रंगांचं काम म्हणजे तोच कागद तीनदा मशिनीत घालायचा, आणि तिन्ही वेळा तो त्याच जागी बसला पाहिजे. नाहीतर देवाचं कुंकू गालावर येतं. आकारामच्या हातून कधी आलं नव्हतं, आणि हे तो रोज एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

मशिनीच्या दुसऱ्या टोकाला ज्ञानू. छापलेला कागद उचलायचा, शाई पुसू न देता गठ्ठ्यावर ठेवायचा. पेठ वडगावहून रोज एसटीनं येणारा, अबोल माणूस. चौदा वर्षं दोघं एकाच मशिनीला जुंपलेले. खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सगळं बोलणं भुवयांनी आणि मानेनं.

फीडर आला. पुण्याच्या फिटरनं तो दोन दिवसांत जोडला. रबरी तोंडं हवेनं कागद चोखून उचलायची आणि फीत त्याला आत ओढायची. दुसऱ्या टोकाला कागद आपोआप रचणारी फणीही बसली. आकाराम फळीवरून उतरून बाजूला उभा राहिला, पाव्हण्यासारखा.

मशिनीवर तेव्हा आजऱ्याच्या काजूच्या डब्यांची लेबलं होती. पिवळा रंग आकारामनं हातानं आधीच छापून ठेवला होता. हिरवा फीडरवर लावला. पहिले शंभर कागद बरे निघाले. मग एका कागदावर हिरवं पान पिवळ्या काजूवर चढलं, पुढच्यावर नीट बसलं, त्याच्या पुढच्यावर तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर. आठशे कागद वाया गेल्यावर मशीन थांबवली.

फिटर घाम पुसत म्हणाला, "मशीन चुकली असती तर सगळेच कागद चुकले असते. मधलेच चुकतात म्हणजे कुणीतरी पेच फिरवतोय."

कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळा छापखाना आकारामकडं बघत होता.

"माझ्याकडं काय बघताय? बावीस वर्षं रंग हलला न्हाय, आता पेच हलवू व्हय मी?" आकाराम गरजला. पण आण्णांनी ज्ञानूला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दोघं दिसत होते. दहा मिनिटांनी ज्ञानू खाली मान घालून बाहेर आला आणि आकारामकडं न बघता नळावर गेला.

विकला गेला गडी, आकारामनं ठरवून टाकलं. कोपऱ्यात कागद मोजणाऱ्या विठाबाईला तो म्हणाला, "बघितलंस? सख्खा शेजारीच खोटा निघतोय."

"तुला आरशात बी चोर दिसंल, आकाराम," ती म्हणाली आणि मोजत राहिली.

सगळे जेवायला गेले तेव्हा तो वाया गेलेला गठ्ठा घेऊन बसला. पेचाची शिवी त्याला झोंबली होती. त्यानं कागदांच्या कडा जमिनीवर ठोकल्या, डावी बाजू जुळवली आणि उजव्या बाजूवरून अंगठा फिरवला. अंगठा खडबडला. कागदाच्या गिरणीतून कापून येणारे कागद कधीच एका मापाचे नसतात. एखादा दाणाभर लांब, एखादा दाणाभर आखूड. पिवळा रंग आकारामनं लावला होता नेहमीप्रमाणं उजवीकडच्या खुंटीला. फीडर कागद ढकलत होता डावीकडं. मापातला सगळा फरक रंगात उतरत होता. पेच कुणीच फिरवला नव्हता. फीडर जोडताना कुणी विचारलंच नव्हतं, आधीचा माणूस कागद कुठल्या बाजूला लावायचा.

दुसरा कुणी असता तर ओरडत सुटला असता. आकाराम केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

"दोष सापडलाय. उरलेलं चार हजार कागद वाचतील. पण आधी मला लिहून द्या."

"माझा शब्द हाय की रं."

"शब्द ऱ्हाऊ द्या. आणि हातानं लिहिलेलं बी नको. छापून पाहिजे."

उमेदवारीत तो खिळे जुळवायला शिकला होता. त्यानं स्वतःच ओळी जुळवल्या: 'आकाराम दत्तू खोत यांना फीडर बसवल्याच्या कारणाने कामावरून कमी केले जाणार नाही.' खिळ्यांत उलटं वाचून बघितलं, कागदावर सुलटं वाचलं, मग आण्णांची सही घेतली. आणि मग सांगितलं, खुंटी उजवीकडं घ्या.

तो कागद मिरवत त्यानं विठाबाईला वाचून दाखवला. ती गठ्ठा सोडून उठली.

"ज्ञानूचं नाव कुठं हाय ह्यात?"

"त्यानं माझ्यावर चुगली केली."

"चुगली? मी केबिनच्या दारात बिलं घेऊन हुबी होते, मुडद्या. आण्णांनी इचारलं, पेच आकारामनं फिरवला का? ज्ञानू म्हणाला, तो मशिनीला शिव्या दील, पण छापायच्या कामात खोट करणार न्हाय. आण्णा म्हणालं, मग तूच फिरवला असशील, दिवाळीनंतर येऊ नकोस. आणि तू, रं? एकटाच सुटलास!"

आकारामनं मिरवायला धरलेला कागद खाली घेतला.

पलीकडं फिटरनं खुंटी उजवीकडं घेतली होती, पण नेमकी बसेना. आणखी चाळीस कागद फाटके, वाकडे निघाले. दारात आजऱ्याच्या काजूवाल्याचा टेम्पो येऊन थांबला. आण्णा ओरडले, "आकाराम, हात लाव की!"

आकाराम हात पाठीमागं बांधून उभा.

"आता काय? कागद घेतलास, सही घेतलीस!"

"चूक सांगायची सही होती ती. मशीन लावायची न्हाय. ज्ञानूचं नाव घाला."

"लेका, हा अडवून धरायचा धंदा हाय!"

"व्हय. तुमच्याकडनंच शिकलो."

टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. आण्णा शिव्या देत कबूल झाले. त्या हमीच्या कागदाचा फर्मा अजून सोडला नव्हता. आकारामनं घाईघाईनं ओळ सैल केली, आपल्या नावापुढं 'व' घातला आणि ज्ञानूचं नाव जुळवायला घेतलं. पण 'ज्ञ' त्या मापात नव्हता. मुळातच चारदोन असायचे, तेही झिजून गेलेले. शेवटी लग्नपत्रिकेच्या मोठ्या, काळ्या टायपातला घातला. दोन प्रती काढल्या, सह्या घेतल्या, आणि मग खुंटीला हात लावला. पान काजूच्या मागं बरोबर जाऊन बसलं.

टेम्पो गेल्यावर त्यानं एक प्रत ज्ञानूच्या हातात दिली. ज्ञानूनं ती उजेडाला धरली. चौदा वर्षं छापलेला कागद बघण्यात गेलेली नजर. वाचायच्या आधीच ती एका जागी थांबली.

"हा 'ज्ञ' दुसऱ्या टायपाच्या केसमधला हाय."

"व्हय."

"म्हणजे माझं नाव मागनं घातलंय."

मशीन बंद होती. खडखडाट नव्हता, त्यामुळं भुवया उडवून भागणार नव्हतं.

"व्हय," आकाराम म्हणाला. "आधी घातलं न्हवतं."

ज्ञानूनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वडगावची एसटी गाठायला निघाला. जाताना त्याला मान हलवायची सवय होती. त्या दिवशी त्यानं ती हलवली नाही.