आई सातवी ‘ब’मध्ये आली

नगरला निघालो तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि आईने कंडक्टरला सांगितलं, “ह्याला नगरलाच उतरवा. मधी कुठं उतरू देऊ नका.” अख्ख्या एसटीने माझ्याकडे पाहिलं. नेवाशापासून नगरपर्यंत दारूची दुकानं कुठे आहेत हे मला जेवढं पाठ होतं, तेवढंच तिलाही. मी रागाने दुसरीकडे तोंड करून बसलो. गाडी हलेपर्यंत ती खाली उभी होती आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही, याची लाज अजून वाटते.

आपल्या गावच्या पोरांनो, तुम्ही काही जण गावातच राहिलात, काही माझ्यासारखे एमआयडीसीत आलात. गाव सुटलं की संगत सुटेल आणि संगत सुटली की दारू, असं तुम्हा सगळ्यांचं म्हणणं होतं. माझंही होतं. पण संगत बिचारी गावात राहिली आणि दारू माझ्यासोबत आली. गावात बहुतेक चौघांत बसून प्यायचो, इथे रूमवर एकटाच. दोनदा शिफ्ट बुडवली. एकदा हात इतके थरथरायला लागले की सुपरवायझरने मशीनवरून उठवून दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि खाली एका शाळेचा पत्ता. रोज संध्याकाळी सातला जाऊन बसा, म्हणाले.

आपल्याकडे दारू सोडायची एकच रीत, माळ घालायची. आईने मला तीनदा घालायला लावली होती. माळकरी पिताना काय करतो तेही तुम्हाला ठाऊक आहे. मी माळ काढून खुंटीला अडकवायचो आणि सकाळी अंघोळ करून पुन्हा घालायचो. देवाला फसवलं नाही याचं वर समाधान! तर मला वाटलं, इथेही कुणी महाराज असतील, शपथ देतील. म्हणून नारळ, हार आणि उदबत्तीचा पुडा घेऊन निघालो. वॉचमनला दारूचं कसं विचारायचं? पालकसभा कुठे आहे, असं विचारलं. त्याने नारळाकडे पाहिलं आणि वरच्या मजल्यावर सातवी ‘ब’ म्हणाला.

वर्गात आठ-दहा बाप्ये पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसले होते. महाराज नाहीत, देवाचा फोटोही नाही. वसंतकाका नावाचे एक रिटायर्ड ड्रायव्हर चहा ओतत होते. हार कुणाला, असं त्यांनी विचारलं. मी हार पाठीमागे लपवला. मग सगळे हसले आणि मलाही हसू आलं. मीटिंग संपल्यावर तो नारळ फोडून आम्ही चहाबरोबर खाल्ला. मी शपथेचं विचारलं तेव्हा काका म्हणाले, “जन्माची नको. आज झोपंपर्यंत न्हाई घ्यायची, एवढंच बघ. उद्या परत ये.”

मी गेलो. पण त्याने शांत वगैरे झालो असं समजू नका. अजूनही सहा वाजले की पाय एका जागी ठरत नाहीत. घासलेली भांडी पुन्हा घासतो, मोबाईल उघडतो, बंद करतो आणि साडेसहालाच शाळेच्या गेटाशी जाऊन उभा राहतो. वर्गात आडनाव, गाव, जमीन कुणी विचारत नाही. “मी दत्तू, मी दारुडा” एवढं पुरतं. गावात हेच सगळे पाठीमागे म्हणायचे, पण स्वतःच्या तोंडाने म्हटलं तेव्हा बरं वाटलं. तिथे मी सगळं बोललो. एक गोष्ट सोडून.

वर्ष झालं तशी आई हट्टाला पेटली. रोज फोन. आता चांगला झालास, घरी ये, गायी माझ्याच्यानं होत नाहीत, यंदा पोरगी बघू. मलाही जायचं होतं, खोटं कशाला सांगू? पण गोठा आठवला की मी जाणं पुढे ढकलायचो आणि का ते तिला सांगता येत नव्हतं. काका म्हणाले, ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, आईला घेऊन ये.

ती आली. पदर डोक्यावर ओढून पहिल्या बाकावर अंग चोरून बसली. शेवटी काकांनी तिला काही बोलायचंय का, असं विचारलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती बाकाला धरून उठली.

“सांज झाली की ह्याला लई कासावीस व्हायचं. कुठं गाडीखाली सापडंल म्हणून मीच मानूस धाडून बाटली मागवायचे आन् गोठ्यात पेंडीच्या पोत्याआड ठेवायचे. माळ बी मीच घातली आन् बाटली बी मीच आनली.”

हीच ती एक गोष्ट. तिला बोल लागू नये म्हणून मी वर्षभर गिळून बसलो होतो आणि तिने ती परक्या माणसांसमोर सांगून टाकली. मला रडू आवरेना. काकांनी तिच्या हातात चहा दिला.

रूमवर आल्यावर तिने भाकरी थापायला घेतल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “घरी नको येऊ इतक्यात. तुझी तगमग मला बघवत न्हाई. मी परत ठेवीन.”

घर अजून तिकडेच आहे, गायी आहेत, आई आहे. मी तिकडे जायचं नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. महिन्यातून एकदा तीच येते. बाकीचे दिवस सहा वाजता तिचा फोन येतो, “निघालास का?” एवढंच विचारते, आणि मी निघतो.