वेळेवर लागलेलं लग्न

अकोल्यातल्या त्या वस्तीत घड्याळ बंद पडलं तर माणसं खिडकीतून बाहेर बघत. श्रावण तायडे, म्हणजे वस्तीचे आबा, पांढरा सदरा घालून विहाराचं कुलूप काढायला निघालेले दिसले, की रविवारचे आठ वाजत आले असं खुशाल समजायचं. आबांचं वय पंच्याहत्तरीकडे झुकलं होतं, गुडघे कुरकुर करत होते, पण वेळ काही झुकली नव्हती.

नोकरी त्यांनी एसटीत केली. स्टँडवर वाहतूक नियंत्रक, लोकांच्या तोंडी कंट्रोलर. गाडीची वेळ झाली की आबांची शिट्टी वाजायची, मग मागून आमदार धावत येवो की बाळंतीण. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा आंब्यांची टोपली डोक्यावर घेऊन दर्यापूरच्या गाडीमागे धावत होता. आबांनी त्याला नीट पाहिलं, ओळखलं, आणि शिट्टी मारली. त्यांची बायको सुंदराबाई त्यावर कित्येक दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमचे कायदे दरवाज्याबाहेर ठेवत जा, चपलेसंगं."

पण कायदे घरात यायचेच. मनगटाला काळा दोरा नाही, उपास नाही, मुहूर्त नाही, नवस नाही, हे तर होतंच. वर जेवताना बोलणं नाही, दिवेलागणीनंतर पोरानं चौकात उभं राहणं नाही, कुणाकडे गेलं तर चहाच्या दुसऱ्या कपाला हो म्हणणं नाही. एकुलता एक मुलगा प्रीतम या शिस्तीत सरळ वाढला, शिकला, सरकारी नोकरीला लागला आणि अमरावतीला गेला. ती बदली आपोआप झाली की त्यानं मागून घेतली, हे आबांनी कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर आबा बौद्धाचार्य झाले. लग्न, नामकरण, शेवटचा निरोप, सगळे विधी बुद्धवंदनेनं पार पाडून देणारा माणूस. तिथंही कंट्रोलरच. पत्रिकेत जी वेळ छापली त्या वेळेला मंचावर वंदना सुरू. नवरदेवाच्या तोंडाला दारूचा वास आला तर आबा पिशवी उचलून चालते व्हायचे. वंदना सुरू झाल्यावर कुणी जागा सोडायची नाही, कुणी पुढं यायचं नाही, जिथं असाल तिथं हात जोडायचे. एका लग्नात नवरीचा मामा बाहेर गाडी लावत होता आणि आत लग्न लागूनही गेलं. मामा आजतागायत आबांना जयभीम घालत नाही.

लोक हसायचे, वैतागायचे, "आबाचं सोवळं लय कडक" असं टोचून बोलायचे. सोवळं हा शब्द आबांना झोंबायचा, आणि तो झोंबावा म्हणूनच वापरला जायचा. पण हे वेळेचं वेड आलं कुठून, ते फार थोड्यांना माहीत होतं. दीक्षेच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पूर्णेकाठच्या त्यांच्या गावात पाटलाच्या घरी लग्न होतं. सहा वर्षांचा श्रावण बापाचं बोट धरून मांडवाबाहेर उकिरड्याच्या बाजूला बसला होता. एक पंगत उठली, दुसरी उठली, किती उठल्या. यांचं वाढप शेवटी, उरलं तर. पोरगं भुकेनं रडायला लागलं, तसं बापानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. पुढच्या वर्षी बाप नागपूरला जाऊन आला, घरातले देव पूर्णेत सोडले आणि म्हणाला, "आता आपल्या मांडवात कोणी कोणाची वाट पाहणार नाई." आबांनी ते वाक्य आयुष्यभर उराशी धरलं. नियम त्यांना बेडी वाटला नाही कधी. नियम होता म्हणून मान ताठ होती.

सुंदराबाई गेली तेव्हाही त्यांनी सगळं नियमानं केलं. मोठ्यानं रडायचं नाही, हे दुसऱ्यांच्या घरी ते सांगत आले होते, म्हणून स्वतःही रडले नाहीत. वंदना त्यांनीच म्हटली, आवाज कुठं हलला नाही. लोक म्हणाले, बाप रे, काय माणूस आहे. कौतुकानं म्हणाले की भ्यायल्यासारखं, ते कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर घरात बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणजे जेवताना न बोलण्याचा नियम आपोआपच पाळला जाऊ लागला.

हळूहळू वस्तीनंही दुसरी सोय बघितली. आबांनीच शिकवून तयार केलेला धर्मेंद्र गोड बोलायचा, पाहुणे येईपर्यंत थांबायचा, फोटोवाल्याला जागा द्यायचा. लग्नं त्याच्याकडे गेली. रविवारच्या वंदनेला आधी चटया कमी पडायच्या, मग पाच-सात माणसं उरली, मग दोघंतिघं, आणि आता आबा एकटे. तरी ते झाडू मारायचे, मेणबत्ती लावायचे आणि रिकाम्या चटयांसमोर एक शब्द न गाळता पूर्ण वंदना म्हणायचे.

अशा या माणसाची एकच कमजोरी होती. प्रीतमची मुलगी, उत्पला. नाव आबांनीच ठेवलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अकोल्याला यायची आणि आबांच्या शेजारी मांडी घालून बोबडं पंचशील म्हणायची. पंगतीची गोष्ट त्यांनी प्रीतमलाही धड सांगितली नव्हती. उत्पलाला सांगितली होती. ती दहाबारा वर्षांची असताना म्हणाली होती, "आबा, माह्यं लग्न तुमीच लावजा. घड्याळ पाहून." आबा तेव्हा हसले होते. ते हसल्याचं सुंदराबाईनं आल्यागेल्याला सांगितलं होतं.

तिचं लग्न ठरलं आणि आबांनी नवा सदरा शिवायला टाकला. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"आबा, एक सांगाचं होतं. आदल्या दिवशी हळदीचा कार्यक्रम ठेवला आहे."

आबांनी विचारलं, "काहाची हळद?"

"तशी विधीची नाई. मैत्रिणी येऊन राहिल्या, पिवळे कपडे, गाणे, फोटो. बस."

"माह्या बापानं जे नदीत सोडलं, ते तू उकरून काढून राहिली."

"आबा, फोटोसाठी हाय."

"हळद लागन त मी येणार नाई," आबा म्हणाले. "लग्न लावाले धर्मेंद्राले बोलाव. मले नको."

आबांना वाटलं, आता ती हट्ट करेल, लाडीगोडी लावेल, निदान रडेल. ती म्हणाली, "बरं आबा." आणि फोन ठेवला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. प्रीतमचे दोन फोन आले, सून माधवीचा एक आला. आबांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं. पण नवा सदरा त्यांनी शिंप्याकडून आणला, इस्त्री करून घेतला आणि कपाटाच्या दाराला टांगून ठेवला. येताजाता त्याच्याकडे बघत राहिले. रागाच्या तळाशी काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. ते जाणार होते. न जाऊन कुणाला काय दाखवणार होते?

लग्न रविवारचं होतं. आबा पहाटेच उठले, अंघोळ केली, नवा सदरा घातला. निघाले असते तर वेळेच्या कितीतरी आधी अमरावतीत पोहोचले असते. पण रविवार होता. विहाराची किल्ली दुसऱ्या कुणाकडे देऊन जावं, तर असं कुणी उरलंच नव्हतं. कुलूप लावलेलं ठेवावं, तर मन मानेना. त्यांनी विहार उघडला, झाडला, मेणबत्ती लावली आणि वंदनेला बसले. थोडक्यात आटपली असती तरी चाललं असतं, ऐकायला होतं कोण? पण आबांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या साधुकारापर्यंत सगळी म्हटली.

आणि म्हणताना त्यांच्या मनात एक हिशेब चालला होता, जो त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. पत्रिकेत साडेअकराची वेळ छापली आहे खरी, पण आजकाल कुठलं लग्न वेळेवर लागतं? वऱ्हाडी येतील, नवरदेव नाचेल, बारा-साडेबारा सहज होतील. शिवाय आपण दिसलो नाही तर पोरगी थोडी थांबेलच. ज्या वाईट खोडीवर त्यांनी जन्मभर दात-ओठ खाल्ले, तिच्याच भरवशावर आबा त्या दिवशी एसटीत बसले.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. आबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. थांबा नियमातला होता, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नाले चालले का, आबाजी?" आबा म्हणाले, "नातीच्या." असं म्हणताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी आपण होऊन पुढं सांगितलं, "नाव म्याच ठेवलं तिचं."

अमरावतीत उतरून ऑटोनं ते हॉलवर पोहोचले, तेव्हा दारात गर्दी नव्हती. बँड नव्हता, कुणी नाचत नव्हतं. आतून लाउडस्पीकरवर धर्मेंद्रचा आवाज येत होता. वंदना सुरू झाली होती.

दाराशी चपलांच्या ढिगाजवळ खुशालराव उभे होते, प्रीतमचे शेजारी. आबांना बघून ते लगबगीनं पुढं आले आणि कानाशी लागले. "आबाजी, किती उशीर केला. धर्मेंद्र म्हणे पाच मिनिटं थांबू, आबा येतीन. प्रीतमभाऊबी थांबा म्हणत होता. पोरगीच नाई म्हणे. म्हणे, आबा कोणासाठी थांबत नसत, थांबलेलं त्याइले आवडणार नाई. जा ना तुमी पुढं, तुमची खुर्ची ठेवेल हाय."

आबांनी पाहिलं. मंचावर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, पांढऱ्या साडीत उत्पला, तिच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला नवरदेव. आणि उजव्या हाताला पांढरं कापड टाकलेली एक रिकामी खुर्ची. सगळा हॉल हात जोडून उभा होता. मधून मोकळी वाट होती. दहा-पंधरा पावलं चालायची, एवढंच.

"जा ना," खुशालराव म्हणाले.

"वंदना सुरू हाय," आबा म्हणाले, आणि आहेत तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी हात जोडून उभे राहिले.

धर्मेंद्र कुठं अडला नाही. उच्चार स्वच्छ, घाई नाही, जसं शिकवलं तसंच. अडला असता तर बरं झालं असतं, असं आबांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. लग्न लागताना म्हणायची अष्टगाथा सुरू झाली. ओठ हलत होते, पण आवाज फुटेना. सुंदराबाई गेली तेव्हा न हललेला आवाज इथं, परक्या माणसांच्या चपलांमध्ये उभं असताना, घशातच बसला. बापाचं वाक्य आठवलं. आपल्या मांडवात कोणी कोणाची वाट पाहणार नाही. बाहेर उभं राहायची वेळ मात्र पुन्हा त्याच पोरावर आली होती, आणि या वेळी पाटील कुणी नव्हता.

लग्न लागलं. फुलांच्या पाकळ्या उडाल्या, माणसं मंचाकडे धावली, शुभेच्छांची रांग लागली. आबा रांगेत शेवटी उभे राहिले. माधवीनं त्यांना पाहिलं आणि धावत येऊन हात धरला, "बाबा, पुढं चला." "रांग हाय," आबा म्हणाले. तीही मग मुकाट्यानं त्यांच्यासोबत रांगेत उभी राहिली.

उत्पलासमोर ते पोहोचले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर फोटोवाल्याची बॅग होती. उत्पला वाकली. तिच्या नखांच्या कडांना आदल्या दिवशीचा पिवळा रंग अजून होता. आबांना तो दिसला, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना काहीच वाटलं नाही.

"आबा, कवा आले?"

खोटं बोलायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. "उशीर झाला मले," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघत होते.

उत्पलाचे डोळे भरून आले. "म्या वाट नाई पाहिली आबा. वाटलं, थांबलं त तुमाले वाईट वाटन. तुमी नाई आले, पण तुमचं तेवढं त पाळावं."

तू तरी थांबली असतीस माझ्यासाठी, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पाच मिनिटं. सगळ्या जगात एका माणसानं.

"बरोबर केलं," आबा म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रीतमनं राहायचा खूप आग्रह केला. आबा संध्याकाळच्या गाडीनं परत आले. विहाराची किल्ली त्यांच्याकडे होती, हे एक कारण त्यांना पुरलं.

पुढच्या रविवारी वस्तीनं खिडकीतून पाहिलं, आबा वेळेवर निघाले होते. त्यांनी कुलूप काढलं, झाडू मारला, चटया अंथरल्या, मेणबत्ती लावली. आठ वाजले. आबा मूर्तीसमोर बसले, हात जोडले, आणि सुरुवात करता करता थांबले. मग मागं वळून ते दाराकडे बघत राहिले. पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली, कदाचित थोडी जास्तच.

कुणी आलं नाही. मग त्यांनी वंदना सुरू केली.