अर्ध्या सुराने खाली

त्याला सगळे भोंगा म्हणत. टायरच्या दुकानात तो पंक्चर काढायचा आणि हवा भरायचं यंत्र धडधडत असताना त्याच्याही वर आवाज चढवून गायचा, म्हणून हे नाव पडलं. मी शेजारच्या गॅरेजात पत्रा ठोकायचो. त्याने रॉक बँड काढला तेव्हा गिटारवाले दोन सख्खे भाऊ मिळाले, पण ड्रमला कोणी मिळेना.

"तू नाहीतरी दिवसभर ठोकतोसच," तो मला म्हणाला. असा मी त्यात शिरलो. सुरातलं मला तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही.

तेव्हा सिनेमाच्या तिकीट खिडकीवर एक मुलगी बसायची. भोंगा रोज तिकीट काढायचा आणि सिनेमा न बघताच घरी यायचा. शेवटी त्याने तिच्यावर गाणं केलं, 'खिडकी लावू नकोस'. त्यातला शेवटचा 'नकोस' तो इतका वर नेऊन धरायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकायचा. कॅसेट निघाली. बसमध्ये, हॉटेलात, केस कापायच्या दुकानात, जिथे जावं तिथे तेच गाणं. ती मुलगी आमची वहिनी झाली.

पुढे त्याने आणखी गाणी केली. त्यातली काही जास्त चांगली होती, असं थोरला गिटारवाला म्हणतो. लोकांना ती नको होती. कुठल्याही कार्यक्रमात भोंग्याने नवं गाणं धरलं की मागून कोणीतरी ओरडायचंच, "खिडकी, खिडकी!" तो हसायचा आणि नवं गाणं अर्ध्यावर सोडून द्यायचा. टायरचं दुकान काही सुटलं नाही.

त्याला घमेंड एकाच गोष्टीची होती, पट्टीची. वय झालं की गायक गाणं खालच्या सुरावरून सुरू करतात, म्हणजे वरच्या जागा झेपतात. अशा गायकांना तो हसायचा. "माझे केस गेले, दात हलतोय, पण पट्टी तीच आहे. विचारा हिला." वहिनी मान डोलवायची. स्वतःची कॅसेट मात्र तो कधी लावत नसे, लाज वाटते म्हणायचा.

मग एका कंपनीने जुनी गाणी त्याच गायकांकडून पुन्हा गाऊन घ्यायचं ठरवलं. मागचं वाजवणं जुन्या टेपवरचंच राहणार होतं, त्यावर नुसतं गायचं. आम्ही सोबत म्हणून गेलो. स्टुडिओच्या बाकावर वहिनीला चैन पडेना.

"तुम्ही नाही वाजवणार?"

"वाजवलेलं आहे ना, वहिनी. तेव्हाचंच," मी म्हणालो.

तिने थोरल्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे पाहिलं.

काचेपलीकडे भोंगा गाऊ लागला. पहिल्याच ओळीला त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. 'नकोस' आला आणि आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. रेकॉर्डिंग करणारी बाई माइकमधून अगदी अदबीने म्हणाली, "काका, तुमच्या नेहमीच्या पट्टीत उतरवून देऊ का?"

"हीच माझी नेहमीची."

"नाही हो. तुमचे हल्लीचे कार्यक्रम ऐकलेत मी. ही त्यापेक्षा दोन सूर वर आहे."

तो काचेतून आमच्याकडे बघत राहिला. मग कानावरचे हेडफोन काढून त्याने नीट खुंटीला अडकवले.

मला तेव्हाच थोरल्याकडून कळलं. फार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर वहिनीने थोरल्याला गाठून विचारलं होतं, "भाऊजी, तारा जरा सैल करता येतात का? यांना कळू न देता?" दोघा भावांनी अर्ध्या सुराने उतरवल्या. काही वर्षांनी आणखी अर्ध्याने, असं करत करत दोन सूर.

"मला का नाही सांगितलं?" मी थोरल्याला विचारलं.

"तुला सांगून काय उपयोग? तुझ्या ड्रमला कुठे पट्टी असते."

भोंग्याने कोणालाच जाब विचारला नाही. एकदा मी घरी गेलो तर वहिनी दाराशीच थांबवून म्हणाली, "भाऊजी, ओरडले असते तर बरं झालं असतं. आता मीठ मागतात तेसुद्धा हळू." आत तो ताटावर बसला होता. मी आलेला दिसलो तरी त्याने मान वर केली नाही.

नंतर दुकानात त्यानेच विषय काढला. पाण्याच्या टबात ट्यूब फिरवत होता.

"एक विचारू? त्या टेपवरचा ठेकाही पुढे पळत होता. मला गाठता येईना. तूसुद्धा हिच्या सांगण्यावरून हळू वाजवत होतास का?"

"नाही रे," मी म्हणालो. "मला वाटत होतं मी तेवढ्याच वेगात वाजवतोय. हात म्हातारे झाले असतील."

त्याने ट्यूब बाहेर काढून पाणी निथळू दिलं.

"म्हणजे तू आपोआप म्हातारा झालास," तो म्हणाला. "मला मात्र तेवढंही होऊ दिलं नाही यांनी."

तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते शोधत राहिला. सगळी फिरवून झाली, परत पहिल्यापासून फिरवली. त्याने ट्यूबमध्ये हवाच भरली नव्हती. मी ते सांगितलं नाही.