पालथा हात

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात कायम उताणा असायचा. कोपराखालून तो असा वळलेला, की तळवा पालथा व्हायचाच नाही. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावी ती जन्मली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाळ अंगानं मोठं, खांदा अडकला. सुईणीनं डोकं धरून ओढलं. तिनं दोघींचा जीव वाचवला, असं माय शेवटपर्यंत म्हणायची. हात लुळा पडलाय हे चार दिवसांनी कळलं. पुढं बोटं हलायला लागली, पण हात वळला तो वळलाच.

एकदा आठवडी बाजारात माय भाजी घेत होती आणि ही शेजारी उभी होती. एका म्हाताऱ्यानं जाता जाता तिच्या तळहातावर मूठभर फुटाणे ठेवले, मागणारी पोर समजून. तिनं ते खाल्ले नाहीत, फेकलेही नाहीत. घरापर्यंत तसेच आणले आणि कोंबड्यांपुढं टाकले. तेव्हा ती सात वर्षांची होती.

आमचे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. अकोल्याला हाडांचे एक डॉक्टर आलेत, असं त्यांच्या कानावर आलं तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. बहीण नऊ वर्षांची झाली होती. बाबांना सुट्टी मिळेना, म्हणून माय आम्हा दोघींना घेऊन निघाली. मोटारीनं बडनेरा, तिथून आगगाडी. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सोबत.

डॉक्टरांनी हात सगळीकडून वळवून पाहिला. मग स्टूल ओढून बहिणीसमोर बसले आणि तिच्याशीच बोलू लागले.

"जन्मताना तुझ्या मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या. त्या मला दुरुस्त करता येणार नाहीत. पण हातातलं एक हाड कापून, फिरवून, पुन्हा जोडता येईल. मग तळवा खाली येईल."

"मंग वर बी होईन का?" तिनं विचारलं.

"नाही. मग या हाताचा पसा व्हायचा नाही. दोन्हीपैकी एकच मिळेल. तुला या हातानं काय करायचंय?"

माय गडबडली. "तिले काय पुसता, साहेब? लेकरू हाय ते."

"हात तिचा आहे, बाई," डॉक्टर म्हणाले आणि थांबून राहिले. बाहेर रोग्यांची रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही.

बहिणीनं बराच विचार केला. "कागद दाबून धराचा हाय. आन् भाकर थापाची हाय," ती म्हणाली. "घ्याचं असन काही, तं डावा हात हाय."

इतक्या सरळपणे मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. दीड महिना हात दंडापासून प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर कापलं तेव्हा आतून काटकुळा, साल निघालेला हात बाहेर आला. तिनं तो हळूच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. तळवा लाकडाला टेकला. डॉक्टरांनी आपलाही हात शेजारी तसाच ठेवला.

खरं काम पुढंच होतं. बोटं आखडली होती. माय रोज ज्वारीच्या पिठाचा गोळा तिच्यापुढं ठेवायची, ती दाबत बसायची. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण उठायची नाही. तिची पहिली भाकर एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं फाटलेली होती. बाबांनी ती मागून घेतली.

सगळं काही बरं झालं नाही. हात डाव्यापेक्षा दोन बोटं आखूडच राहिला, खांद्याच्या वर कधी गेला नाही. तिची वेणी लग्नापर्यंत मीच घातली. पण मॅट्रिकनंतर ती अमरावतीला टायपिंग शिकली. शिकवणारे सर साशंक होते. तिनं डाव्या हाताची सगळी आणि उजव्याची दोन बोटं वापरून परीक्षा दिली, पास झाली आणि सरकारी कचेरीत लागली.

माय एकदा ती कचेरी पाहायला गेली. दारातच उभी राहिली, कागद मशीनमधून निघेपर्यंत. मग जवळ जाऊन तिनं विचारलं, "काय लिवलं वं?"

"एका साहेबाच्या बदलीचा हुकूम हाय, माय."

मायनं तो कागद मागितला, दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला आणि परत दिला.