रंभाबाईनं दिलेला शब्द

रंभाबाई मूळची जवळच्या कुंभारी गावची. लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा लवकर गेला, आणि सासूनं हाताला धरून तिला गिरणीच्या वाइंडिंग खात्यात नेऊन उभं केलं. तिथं सगळ्या बायाच. कांड्यांवरचं सूत शंकूसारख्या कोनावर गुंडाळायचं, तुटलं की बोटांनी गाठ मारायची, हे काम. त्या गाठी मारण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. जीभ मात्र मोकळी होती. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, काही सुनावायचं झालं की बाया तिलाच पुढं करत.

चौऱ्याहत्तर साली गिरणीत सुधारणा कार्यक्रम आला. मालकांनी त्यासाठी मुंबईहून एक साहेब आणले. बोलायला मऊ माणूस. जुनी यंत्रं आता टिकायची नाहीत, असं ते सांगत. पण नवी यंत्रं कामगारांच्या डोक्यावर आदळायची नाहीत. प्रत्येक खात्यातून माणूस निवडून मंडळ करायचं, त्यातल्या सगळ्यांनी दर शनिवारी एकत्र बसायचं, मनातली भीती बोलायची, आणि बदल मिळून पचवायचा. वाइंडिंगमधून रंभाबाईची निवड झाली. तिला खुर्ची मिळाली. "रंभाबाई, तुमचं मत काय?" असं साहेब विचारत. गिरणीत आजवर तिला कुणी मत विचारलं नव्हतं. ती हरखली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

खात्यात मात्र धास्ती होती. नवं यंत्र तुटलेल्या सुताला आपणच गाठ मारतं, हे सगळ्यांच्या कानावर आलं होतं. अक्कलकोटकडची शरणम्मा उघड म्हणायला लागली, की यंत्राची गाडी आली की फाटकात आडवं पडायचं. पुष्कळ बाया तयारही झाल्या. रंभाबाईनं बैठकीत सरळ विचारलं. यंत्राला माणूस लागतोच आणि खात्यातल्यांनाच शिकवू, असं साहेबांनी सांगितलं. ती तशीच खात्यात आली.

"कुणाचीबी रोजी जायची न्हाय," ती शरणम्माला म्हणाली. "मी बसते की तितं. माजा शब्द हाय."

बाया तिच्या शब्दावर थांबल्या. यंत्रं आली, बसली, आणि फाटकात कुणी आडवं पडलं नाही.

मग शिकायला जाणाऱ्यांची नावं पुकारली गेली. जॉबर चनमल्लप्पानं ती पुकारताना मान वर केली नाही. सगळे पुरुष होते. कुणी कायम नसलेले बदलीवाले, कुणी दुसऱ्या खात्यातले. बाई एकही नाही.

रंभाबाई तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी तिला बसवलं, चहा मागवला. एवढी महागडी यंत्रं तिन्ही पाळ्यांत चालवल्याशिवाय परवडत नाहीत, त्यांनी समजावलं. रात्रपाळीला बायांना लावायची कायद्यानं मनाई, आणि पाळ्या तर सगळ्यांना फिरत्या. इलाज नाही.

"हे तुमाला पयल्या शनवारी ठावं हुतं का?" तिनं विचारलं.

साहेब चष्मा पुसत राहिले. "कायदा तर जुनाच आहे, रंभाबाई."

ती चहाला न शिवता उठली. कायदा आत्ता आला असता, तर तिनं कपाळाला बोल लावला असता. पण यांना पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून तिला खुर्ची दिली, मत विचारलं, आणि फाटक मोकळं करून घेतलं तिच्याच तोंडून. बायांना रात्री विसावा मिळावा म्हणून केलेला कायदा, तोच पुढं करून त्यांच्या दिवसाच्या भाकरीवर हात टाकला.  खात्यात येऊन तिनं काहीएक न लपवता सगळं सांगितलं. शरणम्मानं पाठ फिरवली. तो घाव तिला साहेबांच्या वागण्यापेक्षा खोल लागला.

नव्या यंत्रांच्या उद्घाटनाला मंडप होता, पाहुणे होते. मंडळाच्या वतीनं आभाराचे दोन शब्द रंभाबाईनं बोलायचे ठरले होते. तिचं नाव गाळायचंही कुणाला सुचलं नाही. ती उठली.

"ह्या मंडळात मला मत द्यायला बशिवलं न्हवतं," ती म्हणाली. "बायांना गप करायला बशिवलं हुतं. मी ते काम केलं. आता माजं मत आयका. हितल्या बाया शिकल्याबिगर ह्ये यंत्र फिरायचं न्हाय."

मंचावरून उतरली ती थेट यंत्रांच्या खात्याच्या दारात जाऊन बसली. एकेक करत बाया आल्या. शरणम्माही आली, लांब बसली, पण बसली. पाहुणे फीत न कापताच परतले.

दार अडलं तसं साहेबांचं डोकं चालायला लागलं. जो इलाज नव्हता तो आठवड्याच्या आत निघाला: काही यंत्रांवर कायमची दिवसपाळी, तिथं बाया. पण घेतल्या त्या थोड्या, तरण्या. बाकीच्या घरी. शिस्त मोडली म्हणून रंभाबाईला तर सगळ्यांच्या आधी काढलं. साहेब तोच कार्यक्रम घेऊन दुसऱ्या गिरणीत गेले, आणि सोलापूरचा दाखला तिथं कौतुकानं देत राहिले.

रंभाबाई शुक्रवार पेठेतल्या खोलीत विड्या वळू लागली. शरणम्मा यंत्र शिकली. एका रविवारी ती आली, आणि तुझ्यामुळं माझं काम राहिलं, म्हणाली.

"तुजं ऱ्हायलं, बरं झालं," रंभाबाई म्हणाली. "पर बाकीच्यांचं माज्या शब्दावर गेलं. गाडी फाटकातच आडवायची हुती. तुज्या मनात आलं ते खरं हुतं, आन् मीच तुला मागं वढलं. त्यो साहेब समोर आला, तर आजबी इच्यारीन, माजंच तोंड कशाला वापरलंस."

 शरणम्मानं सुपातली विड्यांची पानं आपल्याकडं ओढली आणि कापायला घेतली.